अपघातानंतर हातातला मोबाईल: फोटो, एफआयआर आणि इन्शुरन्स क्लेम कसा सांभाळायचा

सोलापूर म्हणजे हायवेंचं गाव. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि धुळ्याकडून विजयपूरकडे जाणारा ५२, दोन्ही इथूनच जातात. त्यात अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूरला दर्शनाला निघालेल्या गाड्या वर्षभर चालूच. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी अपघात एकदा तरी जवळून पाहिलेला असतो, आणि त्यानंतरचा सीनही ठरलेला असतो. पाच मिनिटांत गर्दी, तीन-चार जण स्टेटससाठी व्हिडिओ काढतायत, एक काका "जाऊ द्या की, मिटवून घ्या" म्हणतायत, आणि तेवढ्यात कोणीतरी गाड्या बाजूला घेतलेल्या असतात. पंधरा दिवसांनी इन्शुरन्सचा सर्व्हेअर किंवा पोलीस विचारतात, "गाडी नेमकी कुठं होती? कोण चालवत होतं?" तेव्हा स्टेटस कधीच उडालेलं असतं.

खरं तर त्या पहिल्या तासात लागणारं जवळजवळ सगळं तुमच्या खिशातल्या फोनमध्ये असतं. ते कसं गोळा करायचं, कसं टिकवायचं आणि कुणाला कशा स्वरूपात द्यायचं, ते आता बघू. मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. त्यामुळे टेक्निकल बाजू सविस्तर सांगतो आणि कायद्याची बाजू कामापुरती. कुणी गंभीर जखमी असेल किंवा मृत्यू झाला असेल, तर वकील गाठायलाच हवा.

आधी माणूस

कॅमेरा नंतर. आधी ११२ किंवा १०८ लावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा महामार्ग प्राधिकरणाचा नंबरही चालतो, त्यावर क्रेन आणि अॅम्ब्युलन्स दोन्हीची मदत मिळते. लोकेशन सांगताना "मोहोळच्या पुढं" एवढ्यावर थांबू नका. रस्त्याकडेला किलोमीटरचे दगड असतात, त्यावरचा आकडा सांगा, किंवा गूगल मॅप्समध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून येणारे अक्षांश-रेखांश वाचून दाखवा.

ही गोष्ट अजून खूप जणांना माहीत नाही: ५ मे २०२५ पासून केंद्राची रस्ता अपघातग्रस्तांसाठीची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. योजनेत नोंदवलेल्या हॉस्पिटलमध्ये अपघातापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात होतात. चूक कुणाची, हे त्यासाठी बघितलं जात नाही. ११२ वर फोन केला की जवळचं नोंदणीकृत हॉस्पिटल विचारून घ्या. आणि तुम्ही फक्त मदत करणारे असाल तर घाबरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्याला नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही.

तुम्ही स्वतः गाडी चालवत होता आणि जमाव भडकलेला आहे, अशी वेळ आली तर सरळ जवळच्या पोलीस स्टेशनला जा. कायद्यात ड्रायव्हरवर जखमीला मदत करण्याची जबाबदारी आहे, पण जमावाच्या रागामुळे थांबणं शक्य नसेल तर त्याला अपवादही आहे. पोलिसांना मात्र चोवीस तासांच्या आत कळवावंच लागतं. पोलीस स्टेशनच्या वाटेवर असतानाच ११२ ला फोन करा. कॉल लॉगमधली ती वेळ तुम्ही पळून गेला नव्हता हे दाखवायला उपयोगी पडते.

गाड्या हलवण्याआधीची पाच मिनिटं

जखमींची सोय लागली आणि गाड्यांमुळे दुसऱ्या अपघाताचा धोका नसेल, तर गाड्या जागेवर असतानाच शूट करा. बहुतेक जण फक्त आपल्या गाडीचा फुटलेला बंपर जवळून काढतात. असे दहा फोटो असले तरी त्यातून धडक कशी झाली ते कळत नाही. आधी लांबून काढायचे: दोन्ही गाड्या, रस्त्याच्या लेन, दुभाजक, वळण आणि एखादी न हलणारी खूण एकाच फ्रेममध्ये. दुकानाची पाटी, विजेचा खांब, पुलाचा कठडा, काहीही चालेल. चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या, मग थोडं जवळून, आणि शेवटी नुकसानीचे.

मग जमिनीकडे कॅमेरा न्या. टायर घासल्याच्या खुणा, काचेचा चुरा, सांडलेलं ऑइल. चुरा जिथे पडलेला असतो, साधारण तिथेच धडक झालेली असते, आणि पहिला पाऊस किंवा पहिला झाडू आला की हा पुरावा संपतो. खुणेशेजारी चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवलीत तर लांबीचा अंदाज येतो. सिग्नल, खड्डा, अर्धवट खोदकाम, बंद असलेले पथदिवे, रिफ्लेक्टर न लावता उभी केलेली उसाची ट्रॉली हेही फ्रेममध्ये येऊ द्या. गाळपाच्या हंगामात आपल्याकडे रात्री हा शेवटचा प्रकार किती घातक असतो, ते वेगळं सांगायला नको.

एक फोटो लोक नेहमी विसरतात: समोरच्या गाडीचा ड्रायव्हर गाडीपाशी असताना, नंबरप्लेटसह. गाडी कोण चालवत होतं, यावर पुढे सगळं अवलंबून असतं, लायसन्सपासून दारूच्या तपासणीपर्यंत. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला झालेल्या पोर्शे प्रकरणात गाडी घरचा ड्रायव्हर चालवत होता असं भासवण्याचा आणि ससूनमध्ये रक्ताचे नमुने बदलण्याचा प्रयत्न झाला, असा पोलिसांचा आरोप होता. एवढं मोठं प्रकरण क्वचितच घडतं. पण स्टिअरिंगवरचा माणूस कागदावर बदलणं छोट्या केसमध्येही होऊ शकतं.

शेवटी एक सलग व्हिडिओ घ्या. दोन-तीन मिनिटं, हळू चालत, मध्ये न थांबवता. त्यात तारीख, वेळ, ठिकाण आणि दिसतंय ते साध्या शब्दांत बोला. "याचीच चूक आहे" वगैरे निकाल देऊ नका. तिथे थांबलेल्या दोघा-तिघांचे नंबर घ्या, आणि सेव्ह करताना नावापुढे तारीख टाका, नाहीतर सहा महिन्यांनी "रमेश अपघात" म्हणजे कोण ते तुम्हालाच आठवणार नाही.

जखमींचे क्लोजअप ग्रुपवर टाकू नका. त्यांच्या घरच्यांना बातमी अशी कळू नये.

फोटोच्या पोटात काय असतं

फोन फोटो काढतो तेव्हा फाईलमध्ये चित्रासोबत बरीच माहिती लिहितो. तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, फोनचं मॉडेल, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. याला मेटाडेटा म्हणतात. गॅलरीत फोटो वर सरकवला किंवा "तपशील" वर टॅप केलं की तो दिसतो. तुमचा फोटो त्या दिवशीचा आणि त्याच जागेचा आहे, हे सांगणारी ही सगळ्यात सोपी खूण. म्हणून आत्ताच कॅमेरा सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन टॅग चालू करा, आणि फोनचं घड्याळ ऑटोमॅटिकवर ठेवा.

आता गोची अशी की आपण सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवतो. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि मेटाडेटा गळून पडतो. एचडी निवडलं तरी फाईल नव्याने तयार होते. समोरच्याकडे पोचतं ते फक्त चित्र. त्यामुळे सर्व्हेअरला किंवा वकिलाला पाठवताना अटॅचमेंटमधून "डॉक्युमेंट" निवडा आणि तिथून फोटो जोडा, म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी जाते. ईमेल किंवा ड्राइव्हची लिंक आणखी बरी. गूगल फोटोजचा बॅकअप "स्टोरेज सेव्हर"वर असेल तर तिथली कॉपीही दाबलेली असते. अपघाताचे फोटो मूळ क्वालिटीत वेगळे ठेवा.

फोटोवर लाल गोल काढायचा मोह होतो. काढा, पण आधी त्याची कॉपी करा आणि कॉपीवर काढा. मूळ फाईल क्रॉप करायची नाही, फिल्टर लावायचा नाही. रात्रीचा फोटो "थोडा ब्राइट" केला, एवढ्यावरूनही समोरचा वकील फोटोत फेरफार झाल्याचं म्हणू शकतो. तारीख-वेळ-नकाशा फोटोवरच छापणारी अॅप्स लोकप्रिय आहेत, आणि ती वापरायला हरकत नाही. फक्त लक्षात ठेवा, वर छापलेला शिक्का कुणीही बनवू शकतो. अशा अॅपबरोबर फोनच्या मूळ कॅमेऱ्यानेही फोटो घ्या.

डॅशकॅम असेल तर एक काम तातडीचं आहे. बहुतेक डॅशकॅम जागा भरली की जुन्या क्लिपवर नवीन क्लिप लिहितात. धक्का बसला की क्लिप लॉक करणारा सेन्सर असतो, पण त्याच्या भरवशावर गाडी घरापर्यंत चालवत आणू नका. कार्ड तिथेच काढून खिशात टाका.

कोर्टात मोबाईलचा पुरावा चालतो का?

चालतो, पण नियमात बसवून. हा नियम सगळ्यात स्पष्ट झाला तो आपल्याच मराठवाड्यातल्या एका केसमध्ये, आणि ती अपघाताची केस नव्हतीच. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला की नाही, यावरून वाद झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० ला दोन गोष्टी सांगितल्या. ज्या उपकरणात रेकॉर्डिंग मुळात झालं तेच कोर्टात हजर केलं, तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही. सीडी, पेनड्राइव्ह किंवा प्रिंट अशी नक्कल दिली, तर प्रमाणपत्र लागतंच.

तेव्हा हे प्रमाणपत्र जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, आणि आता ते कलम ६३ खाली येतं. त्याचा नमुना कायद्यातच दिलेला आहे. त्याचे दोन भाग: पहिला पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. नवीन नमुन्यात फाईलची हॅश व्हॅल्यूही लिहायची असते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा समजा. एसएचए-२५६ सारखं गणित संपूर्ण फाईलवर चालवलं की अक्षर-आकड्यांची एक ठरावीक लांबीची ओळ मिळते. फोटोतला एक पिक्सेल बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. म्हणून पहिल्याच दिवशी मूळ फाईलींची हॅश काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवली, तर "नंतर काहीतरी केलं" या आरोपाला चांगलं उत्तर तयार राहतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयूटिल ही कमांड आधीपासून असते. मोबाईलवरही हॅश काढणारी अॅप्स आहेत, फक्त फाईल त्यांच्या सर्व्हरवर अपलोड न करणारं निवडा.

याचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा: अपघाताचे फोटो ज्या फोनमध्ये आहेत तो फोन दिवाळीच्या सेलमध्ये एक्सचेंजला देऊ नका. रिसेटही मारू नका. स्क्रीन फुटलेली असली तरी कपाटात ठेवा.

हे सगळं फौजदारी केसमध्ये जास्त काटेकोर लागतं. नुकसानभरपाईचं काम बघणारं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण संक्षिप्त पद्धतीने चालतं आणि तिथे शक्यता कुठल्या बाजूला झुकते हे बघतात. पण तुमची केस कुठे जाईल हे पहिल्या दिवशी कुणालाच माहीत नसतं.

दुसऱ्यांचे कॅमेरे

समजा कोंडीजवळ मागून कंटेनरने ठोकलं आणि तो निघून गेला. तुमच्याकडे त्याचा फोटो नाही. पण पेट्रोल पंप, ढाबा, शोरूम आणि पुढचा टोलनाका या सगळ्यांकडे कॅमेरे असतात. पुण्याच्या दिशेने गेला असेल तर सावळेश्वरचा टोल त्याला लागणार. टोलवर फास्टॅगमुळे गाडी नंबर आणि वेळ दोन्ही नोंदलं जातं. अडचण एवढीच की डीव्हीआरसुद्धा डॅशकॅमसारखाच जुनं पुसून नवं लिहितो. कुठे महिनाभर राहतं, कुठे आठवड्यात जातं.

ढाबेवाल्याला विनंती करून स्क्रीनवरचं फुटेज मोबाईलने शूट करून घ्या. ती नकलेची नक्कल झाली, पण पोलिसांना "इथे फुटेज आहे, अमुक वेळेचं" हे दाखवायला तेवढं पुरतं. त्याच दिवशी पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या: कॅमेऱ्याची जागा, तारीख, कितीपासून कितीपर्यंत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. फुटेज ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना आहे, तुम्हाला नाही, त्यामुळे ढाबेवाल्याशी हुज्जत घालून उपयोग नाही.

तुमच्या फोनमध्येही तुमच्या बाजूचे साक्षीदार असतात. फास्टॅगचा एसएमएस, पेट्रोल भरल्याचं यूपीआय, गूगल मॅप्सची टाइमलाइन. टाइमलाइन आता फोनमध्येच साठवली जाते आणि ठरावीक काळाने आपोआप पुसली जाऊ शकते, म्हणून त्या दिवसाचा स्क्रीनशॉट लगेच घ्या.

समोरच्या गाडीची कुंडली

एमपरिवहन अॅपमध्ये गाडी नंबर टाकला की गाडीचा प्रकार, फिटनेस आणि मुख्य म्हणजे इन्शुरन्स कधीपर्यंत आहे ते दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, ते ठीकच आहे. रस्त्यावर उभ्या उभ्या हे तपासून स्क्रीनशॉट घ्या. समोरचा "कागद घरी आहेत" म्हणाला तर वाद घालू नका. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स आणि आरसी कायद्याने चालतं, त्याला फोनवर दाखवायला सांगा. तुमचेही तिथे आधीच जोडून ठेवा.

इन्शुरन्स संपलेला निघाला तर? भरपाईची जबाबदारी मालकावर आणि ड्रायव्हरवर राहते, पण वसुली अवघड होते. अशा वेळी गाडी पोलिसांच्या ताब्यात असणं तुमच्या फायद्याचं असतं, त्यामुळे "आपसात" मिटवायची घाई करू नका.

"मिटवून टाकू" म्हणताना

फक्त आरसा तुटलाय, कुणाला लागलेलं नाही, समोरच्याने दोन हजार यूपीआय केले आणि दोघे आपापल्या वाटेने गेले, यात मला काहीच गैर वाटत नाही. त्यासाठी क्लेम केला तर नो क्लेम बोनस जातो. हा बोनस २० टक्क्यांपासून सुरू होऊन सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत चढतो, म्हणजे छोट्या क्लेमपेक्षा तोच महागात पडू शकतो.

पण कुणाला लागलं असेल तर थांबा. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत एक अट असते जी जवळजवळ कुणीच वाचत नाही: कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चूक कबूल करायची नाही, भरपाईचं आश्वासन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. "माझीच चूक झाली, सगळा खर्च करतो" असा मेसेज तुम्ही चांगुलपणाने टाकता. नंतर समोरच्याने मोठा दावा केला की कंपनी तुम्हाला ती अट दाखवू शकते. माणुसकी दाखवा, हॉस्पिटलला सोबत जा, रक्त लागलं तर द्या. पण चूक कुणाची, हे व्हॉट्सअॅपवर ठरवू नका, आणि इन्स्टाग्रामवर तर अजिबात नाही. "नशीब बे, १२० वर होतो तरी वाचलो" ही स्टोरी मित्राने स्क्रीनशॉट करून ठेवली की तुमच्याविरुद्धचा पुरावा तयार.

उलट बाजूने, तुम्ही जखमी असाल आणि समोरचा रोख देऊन कागदावर सही मागत असेल तर सही करू नका. डोक्याचा मार आणि आतली इजा कधीकधी दोन दिवसांनी कळते. हॉस्पिटलमध्ये पहिल्याच वेळी "रस्ता अपघात" असं सांगून मेडिको-लीगल केस नोंदवायला लावा. "घरात पडलो" असं एकदा केसपेपरवर लिहिलं गेलं की ते पुसता येत नाही.

पोलीस, पंचनामा आणि ई-डार

सोलापुरात शहराचं आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीण पोलीस वेगळे. हद्दीवर अपघात झाला की "आमच्याकडे येत नाही" हे ऐकायला मिळू शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता कोणत्याही पोलीस स्टेशनला देता येते. तिथे झिरो एफआयआर नोंदवून ती योग्य ठिकाणी पाठवतात. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर डाऊनलोडही करता येतात. हातात आली की लगेच वाचा: गाडी नंबर, वेळ, दिशा. "एमएच १३" नंतरचा एक आकडा चुकला तरी पुढे क्लेम अडकतो. चूक दिसली तर त्याच दिवशी लेखी पुरवणी जबाब द्या.

अपघाताची नोंद आता पोलीस आयरॅड अॅपमध्ये करतात. आयआयटी मद्रास आणि एनआयसीने बनवलेली ही प्रणाली. त्यावर जागेचे फोटो आणि लोकेशन चढतं, आणि गाडीची माहिती वाहन डेटाबेसमधून येते. त्याचाच पुढचा भाग म्हणजे ई-डार, अपघाताचा सविस्तर अहवाल. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांत पोलिसांना मुदती घालून दिल्या आहेत: पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत, सविस्तर ९० दिवसांत, आणि तो न्यायाधिकरणाला जायला हवा. तपास अधिकाऱ्याला "ई-डारला नोंद झाली का?" असं नम्रपणे विचारा. तुम्हाला एवढं माहीत आहे म्हटल्यावर कामाचा वेग बदलतो, असं माझं निरीक्षण आहे.

इन्शुरन्स: एका पॉलिसीत दोन वेगळे विषय

थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. हा सक्तीचा. ओन डॅमेज म्हणजे तुमच्या गाडीची दुरुस्ती. हा ऐच्छिक. "फुल इन्शुरन्स आहे" असं म्हणणाऱ्या अनेकांकडे प्रत्यक्षात फक्त थर्ड पार्टी असतो. सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तीन वर्षं आणि दुचाकीला पाच वर्षं थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो, पण त्यासोबतचा ओन डॅमेज बऱ्याचदा एका वर्षाचाच असतो. दुसऱ्या वर्षी अॅपवर "पॉलिसी चालू" दिसतं आणि दुरुस्तीचं कव्हर मात्र गेलेलं असतं. पॉलिसीची पीडीएफ उघडून दोन्ही तारखा बघा. फक्त थर्ड पार्टी असेल तर गाडीत बसलेल्या मित्रांच्या किंवा मागे बसलेल्याच्या भरपाईवरही वाद होतो, हे जाता जाता लक्षात ठेवा. मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर वेगळं असतं.

कंपनीला लगेच कळवा. फोन करून क्लेम नंबर घ्या आणि तीच माहिती ईमेलनेही पाठवा, कारण अट लेखी कळवण्याची आहे. उशीर झाला असेल तरी सोडून देऊ नका. केवळ कळवायला उशीर झाला म्हणून खरा क्लेम यांत्रिकपणे नाकारू नये, असं विमा नियामक इर्डाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितलेलं आहे. उशिराचं कारण मात्र कागदावर द्या.

सर्व्हेअर बघेपर्यंत गाडी उघडू देऊ नका, गॅरेजवाला कितीही घाईत असला तरी. आणि अपघातानंतर गाडी "चालतेय ना" म्हणून चालवू नका. रेडिएटर गळत असताना मोहोळवरून सोलापूरपर्यंत आणली आणि इंजिन जाम झालं, तर बंपरचे पैसे मिळतील, इंजिनचे बहुधा नाही. धडकेनंतर जे नुकसान तुमच्या वापरामुळे वाढलं ते कंपनी वेगळं काढते.

लायसन्सची मुदत, दारू, आणि खासगी पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे घेऊन प्रवासी नेणं, यावर ओन डॅमेज क्लेम पडतात. एकादशीला पंढरपूरला "सीट भरून" जाणाऱ्यांनी शेवटचा मुद्दा दोनदा वाचावा. छोटा टेम्पो चालवणाऱ्यांना मात्र दिलासा आहे: ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं.

आणि अपघातानंतर आठवडाभर अनोळखी फोन येतील. "क्लेम सेटल करून देतो, ओटीपी सांगा." "आरटीओ चलन" नावाची एपीके फाईल व्हॉट्सअॅपवर येईल. कंपनी ओटीपी मागत नाही, आरटीओ एपीके पाठवत नाही. पैसे गेलेच तर १९३० लगेच लावा.

भरपाईचा दावा आणि कर्नाटकची हद्द

विजयपूर रस्त्यावर भीमा ओलांडली की कर्नाटक. तिकडे अपघात झाला की पोलीस तिकडचे, एफआयआर कन्नडमध्ये. अनेक घरं इथेच हात टेकतात, "कोण जाणार तारखांना". जायची गरज नाही. कलम १६६ नुसार दावा अपघाताच्या ठिकाणी, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा राहतो तिथे दाखल करता येतो. म्हणजे सोलापूरच्या माणसाला सोलापूरच्या न्यायाधिकरणात. फक्त कन्नड कागदांचं भाषांतर लागेल.

मुदत सहा महिन्यांची आहे. हा बदल १ एप्रिल २०२२ पासून आला. त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने केवळ उशिराच्या कारणावर असे दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला. अंतरिम म्हणजे तात्पुरता. कॅलेंडरमध्ये पाचव्या महिन्याचा रिमाइंडर लावा. चूक सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. चूक सिद्ध करून मागितली तर रक्कम वय, उत्पन्न आणि अवलंबून असलेल्यांवर ठरते. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेत मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा.

उत्पन्नाचा पुरावा हा तरुण मुलांच्या केसमधला सगळ्यात कच्चा दुवा. डिलिव्हरी करणारा, यंत्रमागावर काम करणारा, फ्रीलान्स डिझाइन करणारा, कुणाकडेच सॅलरी स्लिप नसते. पण डिलिव्हरी अॅपमधली आठवड्याची कमाई, यूपीआयचं वर्षभराचं स्टेटमेंट, मालकाचे पगाराचे व्हॉट्सअॅप मेसेज हे सगळं फोनमध्ये असतं. जखमी माणसाचा फोन कुणी फॉरमॅट करू नका, आणि सिम बंद पडू देऊ नका. त्याच नंबरवर ओटीपी येतात.

क्लेम नाकारला तर

नकार लेखी मागा, कुठल्या अटीखाली ते नमूद करून. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल, मग इर्डाचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५. तिथेही नाही झालं तर विमा लोकपाल. सोलापूरसाठी पुण्याचं कार्यालय लागतं, ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं असतं. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा, तिथे मुदत दोन वर्षांची. एकच प्रकरण दोन्हीकडे एकदम चालवता येत नाही, त्यामुळे रक्कम छोटी असेल तर मी आधी लोकपालांकडेच जाईन.